जाताना मोठे, येताना धाकटे

गाडीला अजून रंगाचा वास येत होता. बाबांनी काम सोडून इतकी वर्षं झाली, गाडी कितीदा धुतली, आत नव्या गाद्या घातल्या, तरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा तो कढत रंग कुठल्या तरी फटीत दडून बसला होता आणि ऊन लागलं की जागा व्हायचा. आत्या दर वेळी नाक मुरडायची आणि दर वेळी खिडकीजवळची तीच जागा पकडायची.

"सगळे बसले?" वहिनीने आरशात बघत विचारलं. ती रोज शाळेच्या मुलांची गाडी चालवते, त्यामुळे डोकी मोजल्याशिवाय तिचा पाय हलत नाही.

बसले होते. पुढे तिच्या शेजारी दादा, मधल्या बाकावर बाबा आणि त्यांची मोठी बहीण म्हणजे आत्या, आणि सगळ्यात मागे, पूर्वी रंगाचे डबे असायचे तिथे, ठमी. ठमी चौतिशीची झाली होती, रिंग रोडच्या कंट्रोल रूममध्ये तिच्या हाताखाली माणसं होती, पण घरात ती ठमीच होती आणि तिची जागा मागचीच होती.

भांडण घरात करायचं नाही, हा आईचा नियम. घराच्या भिंती इतक्या पातळ, की आपल्याकडे काय शिजतंय हे शेजाऱ्यांना वासाआधी आवाजाने कळायचं. म्हणून काही ठरवायचं असलं की आई सगळ्यांना या गाडीत कोंबायची आणि बाबांना म्हणायची, चला. तेव्हा रिंग रोड कागदावर गोल होता. प्रत्यक्षात तो घराजवळून निघायचा आणि ओढ्यापाशी संपायचा. पुढे तो थोडाथोडा वाढत गेला आणि त्याच्या मागोमाग गोदामं आली, इमारती आल्या, दवाखाने आले. पण कुठे ना कुठे तो संपायचाच. लाल-पांढरा अडथळा, पलीकडे नुसती माती. तिथल्या टपरीवर चहा व्हायचा आणि गाडी उलटी फिरायची. आईने सगळं त्या टोकावर बेतलं होतं. जाताना मोठ्यांनी बोलायचं, येताना धाकट्यांनी. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने हूं की चूं करायचं नाही. आणि घराच्या दारात गाडी थांबली, की शेवटचा शब्द धाकट्यांचा. मोठी माणसं आधी बोलून रिकामी झाली की निदान ऐकतात तरी, असं आई म्हणायची.

आई गेली. नियम राहिला.

"आज पहिल्यांदा पूर्ण फेरी," दादा मागे वळून म्हणाला. दलदलीवरचा शेवटचा पूल गेल्या आठवड्यात सुरू झाला होता आणि त्यावर देखरेख करायला दादाच होता. "ज्या दारातून निघालो त्याच दारात परत. कुठे वळायचं नाही, मागे यायचं नाही. एका दमात."

"वा," बाबा म्हणाले.

गाडी रिंग रोडवर चढली आणि शहर डाव्या हाताला आलं.

आज काय ठरवायचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. दूरच्या एका शहराभोवती असाच रस्ता होत होता आणि तिथली कंट्रोल रूम उभी करायला ठमीला बोलावलं होतं. उद्या सकाळी तिला हो किंवा नाही सांगायचं होतं. बाबा तिच्याजवळ राहत, किंवा ती बाबांजवळ. आई गेल्यापासून यातला फरक कुणी विचारला नव्हता.

"मग मी सुरू करते," आत्या म्हणाली. ती जन्मभर नर्स होती आणि बोलायला लागली की समोरचा अंथरुणावर पडून आहे असंच तिला वाटायचं. "माझं म्हणणं सरळ आहे. बोलावणं आलं, चांगलं झालं, पोरगी हुशार आहे हे आपल्याला ठाऊकच होतं. पण याच्या डोळ्यांचं काय? कडा गेल्यात याच्या. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. परवा दरवाजा सोडून भिंतीतून बाहेर पडायला निघाला होता."

"ताई, ते एकदाच झालं."

"एकदाच होतं म्हणून जिवंत आहेस. दिवसातून तीनदा थेंब घालायचे, वेळ चुकवायची नाही. कोण घालणार?"

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला. "नको जाऊ असं कुणीच म्हणत नाहीये. पण आत्ताच कशाला? बाबांचं एकदा स्थिरस्थावर होऊ दे. तोपर्यंत थांबावं."

तोपर्यंत. हा या घराचा लाडका शब्द. आई आजारी होती तोपर्यंत. दादाचं घर बांधून होत होतं तोपर्यंत. दोन्ही वेळा ठमी टोकाला चहा पिऊन गाडीत बसली होती, परतीचा सगळा रस्ता तिच्या एकटीच्या मालकीचा होता, आणि दोन्ही वेळा ती दारापर्यंत एकच शब्द बोलली होती: चालेल. दादाही पूर्वी धाकट्यांतलाच. पण लग्नानंतर एका फेरीत तो जातानाच बोलायला लागला आणि त्याला कुणी हटकलं नाही. वहिनी धाकट्यांत मोडायची, पण गाडी चालवणाऱ्याने बोलायचं नाही असं तिने स्वतःच ठरवून घेतलं होतं, आणि ते सगळ्यांना सोयीचं होतं.

आज ठमी चालेल म्हणणार नव्हती. गेले तीन दिवस आंघोळ करताना, भांडी लावताना ती एकच वाक्य घोटत होती. चहा झाला की म्हणायचं. गाडी वळली की म्हणायचं.

तिने मागच्या काचेतून बाहेर पाहिलं. रस्ता तिच्यापासून लांब पळत होता. दिवसभर ती हाच रस्ता पडद्यांवर बघायची, तुकड्यातुकड्यांत. इथे एक पूल, तिथे एक वळण, बंद पडलेला एखादा ट्रक. सगळा मिळून तो कसा आहे हे तिला आज कळत होतं. तो वळतोय हे जाणवतच नव्हतं. सरळ चाललोय असं वाटत असताना उन्हाचा तुकडा मात्र गाडीत फिरत होता. आधी आत्याच्या मांडीवर होता, मग हळूच सरकून बाबांच्या गुडघ्यांवर आला. आणि शहरातला तो उंच मनोरा, जो त्यांच्या खिडकीतून नेहमी एकसारखा दिसायचा, तो दर थोड्या वेळाने अंग वळवून दुसरीच बाजू दाखवत होता. आपण जागच्या जागी आहोत आणि शहर झोपेत कूस बदलतंय, असं तिला वाटलं. तिला बरं वाटलं. अजून वेळ होता.

बाबांना आत्याचं बोलणं ऐकू येत होतं, पण लांबून. त्यांना समोरचा पट्टा दिसत होता. बाकी सगळं धुक्यात गेलं तरी रस्त्यावरचा पांढरा पट्टा त्यांना लख्ख दिसायचा, आणि याचा त्यांना गुपचूप अभिमान होता. या रस्त्याचा पहिला पट्टा त्यांच्या हातचा. तेव्हा यंत्रं नव्हती. दोरी ताणून धरायची, खडू मारायचा आणि त्यावरून रंग ओतत जायचं. हाताखालचा माणूस आला नव्हता म्हणून दोरीचं दुसरं टोक बायकोने धरलं होतं. नवी नवरी, भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली. "सुटली तर?" तिने ओरडून विचारलं होतं. "सुटली तर पट्टा वाकडा!" तिने ती इतकी घट्ट धरली की संध्याकाळी मूठ उघडेना. बाबांना आत्ताही तो पट्टा जिथे संपतो तिथे ती बसलेली दिसत होती, आणि गाडी कितीही पुढे गेली तरी ती तेवढ्याच अंतरावर होती.

"अरे, तुझ्याविषयी चाललंय," आत्या म्हणाली. "तूही मोठ्यांतला आहेस. बोल काहीतरी."

बाबांनी डोळे चोळले. "मी काय बोलू? घर सवयीचं आहे. ठमी सवयीची आहे. अंधारातही सापडते."

त्यांना ते प्रेमाने म्हणायचं होतं. मागे ठमीला मात्र ते वेगळंच ऐकू आलं. दिव्याचं बटण असंच अंधारात सापडतं.

तेवढ्यात बाबांनीच खिडकीकडे मान वळवली. "ओढ्याचा पूल गेला, गोदामं गेली. आता टपरी येईल ना? मला आज जास्त साखरेचा पाहिजे."

"टपरी कुठली आता, बाबा," दादा हसला. "ती मागेच उठली. आणि असती तरी थांबता येत नाही, आता इथे सरळ रस्ता आहे. हे बघा, इथेच अडथळा असायचा. हे... गेला."

गाडीच्या चाकांखाली एक सांधा वाजला, टक्. बस्स एवढंच. जिथे इतकी वर्षं रस्ता संपत होता ती जागा मागच्या काचेतून ठमीने बघितली, आणि बघता बघता ती इतर रस्त्यासारखीच होऊन गेली.

गाडी वळली नाही. शहर डाव्या हाताला होतं ते डाव्याच हाताला राहिलं.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. वळायचंच नाही म्हटल्यावर येताना कुठून सुरू होणार? हा सगळा रस्ता जातानाचाच होता, थेट दारापर्यंत. दारात उतरायचं आणि शेवटचा शब्द म्हणायचा. एक शब्द. तिच्याजवळ अख्खं वाक्य होतं.

"मला—" ती म्हणाली.

"थांब गं," आत्या मागे न बघता म्हणाली. "तुझी पाळी यायचीय."

"कधी?"

"येताना!"

आत्याला काही वावगं वाटलं नाही. दादालाही नाही. तो पुलाबद्दल सांगत होता, दलदलीत खांब कसे रुतायचे, एक खांब रोज थोडा थोडा कलत होता आणि त्याला झोप कशी लागत नव्हती. खाली पाणी पसरलेलं होतं, स्थिर आणि पिवळं, आणि त्यात ढग उलटे लटकले होते. पूल पाण्याच्या इतक्या जवळून जात होता की गाडी ढगांवरून चालल्यासारखी वाटत होती. मग दादा म्हणाला, "बाबांना आमच्याकडे ठेवायचं तर तुम्हाला माहितीये, मी सकाळी जातो तो रात्री येतो. ही दिवसभर गाडीवर. ठेवायला आमची ना नाही. पण बाबांनाच करमणार नाही."

हे त्याने अनेकदा म्हटलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण पूल मागे पडत असताना त्याला स्वतःचाच आवाज कानाला टोचला. खरं कारण वेगळं होतं. एकदाच, ठमी बाहेर गेलेली असताना, बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ त्याच्यावर आली होती. बाबांनी मान मागे टाकली, डोळे उघडे धरले, आणि ते डोळे त्याच्याकडे बघत असूनही त्याला शोधत होते. दादाने नजर वळवली आणि सगळं औषध गालावर सांडलं. भल्यामोठ्या पुलाचे खांब उभे करणारा माणूस, पण बाबांच्या डोळ्यांत वाकून बघायची त्याला भीती वाटायची. हे तो कुणाला, अगदी बायकोलाही, सांगणार नव्हता.

बायकोला ते केव्हाच माहीत होतं. गालावर सांडलेलं औषध तिनेच पुसलं होतं.

वहिनी आरशात बघत होती. आरशात आधी आत्याचं हलणारं तोंड दिसायचं, मग बाबांचा खांदा, आणि अगदी मागे ठमी, कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखे हात मांडीवर घेऊन बसलेली. शाळेच्या गाडीत असं एखादं मूल असतं. त्याचा थांबा येतो आणि जातो, पण ओरडून सांगायचं त्याला धाडस होत नाही. मग शेवटच्या थांब्यावर मागे जाऊन बघावं तर ते तिथे बसलेलं.

घराची पाटी आली. वहिनीने वेग कमी केला नाही.

"अगं, डावीकडे घे," दादा म्हणाला. "बाहेर पडायचा रस्ता... अगं, गेला! गेला ना!"

"हो."

"हो काय? चुकलीस!"

"चुकले नाही," वहिनी म्हणाली. "फेरी अर्धीच झालीय. जातानाचं झालं. आता येतानाचं."

आत्या पुढे वाकून म्हणाली, "म्हणजे?"

"आपण वळलोच नाही, आत्या. मग येताना कधी झालं? ठमी बोललीच नाही."

"पण ही तर पुन्हा जातानाचीच..." दादाने हवेत बोटाने एक गोल काढला आणि तो मधेच सोडून दिला. इंजिनिअर माणूस, पण बायकोच्या हिशेबात त्याला चूक सापडेना. "पेट्रोल पुरणार आहे का?"

"टाकी भरूनच आणलीय."

"म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं? मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर आत्यांनी नियम बदलला असता."

आत्याने आ वासला. मग तिच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. "बदलला असता," ती म्हणाली. "हिच्या सासूनेही मला असंच ओळखलं होतं." आणि तिने पदर तोंडावर धरला, म्हणजे मोठ्यांची पाळी संपली हे सगळ्यांना कळावं.

वहिनीने आरशात बघितलं नाही. ठमी गेली तर थेंबांची बाटली आपल्याच हातात येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळची गाडी, दुपारची गाडी आणि मधे सासऱ्यांचे डोळे. तिला त्याची हौस नव्हती. पण मागे मूल बसलेलं असताना गाडीला कुलूप लावून घरी जाणं तिला जमलं नसतं.

"बोल, ठमे," ती म्हणाली.

ऊन गेलं होतं. रस्त्यावरचे दिवे एकेक करून नव्हे, तर टोकापासून टोकापर्यंत एकदम लागले. कंट्रोल रूममधून ते कसे लागतात हे ठमीला माहीत होतं, आज तिथे तिच्या जागी कोण बसलंय हेही माहीत होतं, तरी तिला ते आपोआप उजाडल्यासारखं वाटलं. तिने घोटलेलं वाक्य शोधलं. ते कुठेच नव्हतं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. बोलायचंच नव्हतं. या शांततेची तिला सवय नव्हती. तिने बरंच अंतर तसंच जाऊ दिलं. ओढा आला, गेला. गोदामांच्या रांगा आल्या, गेल्या.

"बाबांचा कंटाळा आला म्हणून नाही. मला त्यांचा कंटाळा येत नाही. कधीकधी राग येतो. ते चहा अर्धा सोडतात आणि मग गार झाला म्हणतात." तिला हसू आलं आणि त्यातूनच रडूही आलं, पण ती थांबली नाही. "मला तिकडे सगळे माझ्या नावाने हाक मारतील. आधी कुणाचीच कुणी नसलेली बाई म्हणून मला कुठेतरी जायचंय. पूल, खांब, पडदे, सगळं पहिल्यापासून लावायचंय. चांगलं येतं मला ते. तुम्ही कुणी कधी बघायला आला नाहीत. दादा, तूसुद्धा. तुझ्या पुलावर मी पहिल्या दिवसापासून नजर ठेवून आहे. त्या कललेल्या खांबावरसुद्धा. तू पहाटे एकटाच त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचास ना, ते दिसायचं मला."

दादाने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण पाळी त्याची नव्हती.

"मी गेले तर बाबांना त्रास होईल. माहितीये. मलाही होईल. सुरुवातीला फार होईल. मी दोनदा चालेल म्हटलं. ते खोटं होतं. मला चालत नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं तर मी बाबांवर चिडून राहीन, मनातल्या मनात, रोज, थेंब घालताना. त्यांना ते दिसणार नाही. पण मला दिसेल."

जिथे अडथळा असायचा तिथला सांधा पुन्हा वाजला. दलदलीवर आता दिव्यांच्या दोन ओळी होत्या, एक वर आणि एक पाण्यात. ठमी बोलत राहिली. आईबद्दल बोलली, एका माणसाबद्दल बोलली ज्याचं नाव या गाडीत कधीच निघालं नव्हतं आणि जो वाट बघून बघून केव्हाच दुसरीकडे गेला होता, मग नव्या शहरातल्या खोलीबद्दल बोलली, जी तिने अजून पाहिलीही नव्हती. तिचा आवाज या सगळ्यांनी इतका वेळ सलग ऐकला नव्हता. आत्याने पदर तोंडावरून काढून डोळ्यांना लावला. बाबा समोर बघत बसले होते. त्यांचा चेहरा मागून दिसत नव्हता.

घराची पाटी पुन्हा आली. वहिनीने या वेळी गाडी डावीकडे घेतली. ती दारात थांबली, इंजिन बंद झालं, आणि इतक्या वेळच्या घरघरीनंतर कानांत दडे बसल्यासारखं झालं.

"शेवटचा शब्द," वहिनी म्हणाली.

"जाते," ठमी म्हणाली.

पाळी संपली होती. आता कुणीही बोलू शकत होतं. सगळे बाबांची वाट बघत होते.

"मला राग आलाय," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? खूप राग आलाय. नको वाटतंय मला तू जावंस असं. आता जेवताना माझ्याशी बोलू नको. उद्याही बोलू नको. परवा काय ते बघू."

"बरं, बाबा."

"उद्या सकाळी त्यांना सांगायचंय ना तुला?"

"हो."

"मग सांग. विसरशील. तू विसरतेस."

ठमी मागचं दार उघडून खाली उतरली आणि सवयीने मधल्या दाराशी आली. गाडीची पायरी उंच होती, आणि नेमकी तिच्याजवळची जागा बाबांना दिसत नसे. तिने हात पुढे केला. बाबांनीही केला, बोटांना बोटं लागली. मग त्यांनी हात काढून घेतला.

"तू नको," ते म्हणाले. "त्याला बोलव."

दादा पुढून उतरून आला. तो बाबांसमोर उभा राहिला आणि काय धरावं हे न कळून त्याने दोन्ही हातांनी त्यांचा दंड आवळला.

"इतकं घट्ट नको, मी पळून जात नाहीये," बाबा म्हणाले. "कोपराला धर. आणि पायरी कुठे आहे ते तोंडाने सांग, मला ती दिसत नाही. हिला विचार, ही कसं सांगते."

दादाने ठमीकडे बघितलं. तिने खाली, जरा डावीकडे बोट दाखवलं.

"बाबा," दादा म्हणाला, "खाली, जरा डावीकडे."